खुसखुशीत ताण

दिवाळीचा ताण घरीच करावा, विकतच्याला ती चव नाही. साहित्य फारसं लागत नाही. वसुबारस चार दिवसांवर येईपर्यंत हातावर हात ठेवून बसलात की अर्धं काम झालं.

सुरुवात चकलीपासून. भाजणीला 4 वाट्या तांदूळ, 2 वाट्या हरभरा डाळ, 1 वाटी उडीद डाळ, अर्धी वाटी मूग डाळ, मूठभर पोहे आणि धने-जिरे. जाणत्या बायका हे सगळं वेगवेगळं, मंद आचेवर भाजतात, कारण तांदूळ फुलेपर्यंत डाळ करपते. तुम्ही सगळं एकाच कढईत ओता. वाचलेला वेळ पुढे ‘चकली का बिघडली’ या चर्चेला उपयोगी पडतो. गिरणीत ऐन गर्दीत जा आणि ‘गव्हावर दळू नका, हरभरा डाळीवर दळा’ हे सांगायला विसरा. गव्हाचं पीठ मिसळलं की चकलीला चिवटपणा येतो, आणि चिवटपणाशिवाय दिवाळी निभत नाही.

मोहनाचं प्रमाण सासूबाईंना विचारा, आईलाही विचारा. दोघी ‘अंदाजानं’ म्हणतील. अंदाज मात्र दोन असतील. तुम्ही दोन्ही घाला. खरं तर 4 वाट्या भाजणीला अर्ध्या वाटीच्या आत कडकडीत तेल आणि साधारण 2 वाट्या उकळतं पाणी पुरतं. मोहन जास्त झालं की चकली तेलात विरघळते, कमी झालं की दाताखाली दगड येतो. तेल धुरावल्यावरच चकल्या सोडा: बाहेरून लगेच तांबूस होतात, आतून कच्च्या राहतात. बुडबुडे शांत होईपर्यंत थांबणं हा भित्र्यांचा मार्ग. तळून झाल्या की गरम असतानाच डब्यात भरून झाकण घट्ट लावा. वाफ आतच जिरते आणि सकाळी चकली कानातल्या वेढ्यासारखी हवी तशी वाकते.

एवढ्यानं मन भरलं नाही तर अनारसे आहेतच. तांदूळ 3 दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं, मग कापडावर पसरून ओलसर असतानाच दळून चाळायचे, वजनाला वजन गूळ आणि चमचाभर तूप घालून गोळा 4-5 दिवस मुरवायचा. म्हणजे आठवडा गेला. म्हणूनच अनारसे करायचं धनत्रयोदशीच्या संध्याकाळी ठरवावं. न मुरलेलं पीठ खसखशीवर थापून तुपात सोडलं की जाळी पडायच्या ऐवजी ते विस्कटतं. याला अनारसा हसला म्हणतात. घरात त्या वेळी हसणारा तो एकटाच. पिठात चमचा-दोन चमचे तांदळाची कोरडी पिठी मिसळून बघा, असं कुणी सुचवलं तर त्या व्यक्तीशी भाऊबीजेपर्यंत बोलू नका.

बेसन लाडवाला 4 वाट्या बेसन, 2 वाट्यांना जरा कमी तूप आणि मंद आचेवर पाऊण तास अखंड हलवणं. हात थांबला की तळाला लागतं, घाई केली की लाडू टाळूला चिकटतो. पिठीसाखर बेसन कोमट झाल्यावरच घालायची. गरमात घातली की पाणी सुटतं आणि लाडू भाकरीसारखे बसतात. या कामाला अक्कल कमी, दंड जास्त लागतो, म्हणून ते घरातल्या पुरुषाकडे सोपवायचा मोह होईल. आवरा. त्याला चिवडा चाखून ‘मीठ जरा कमी वाटतंय’ म्हणायचं जबाबदारीचं काम आधीच आहे.

शंकरपाळ्यांबद्दल फार बोलण्यात अर्थ नाही. त्या बिघडवायलाही फार कष्ट पडतात.

मग ताटं. सोसायटीतल्या प्रत्येक घरी तेच पाच पदार्थ झालेले असतात, म्हणून ते सगळ्यांना वाटणं अत्यावश्यक. शेजारचं ताट रिकामं परत करायचं नसतं. पहिल्या मजल्यावरची चकली तिसऱ्या मजल्यावर द्यावी, फक्त कुठून काय आलं ते लिहून ठेवावं. स्वतःचीच करंजी परत आली तर ओळखू नये. अमेरिकेतल्या मुलाला पार्सल धाडताना चकल्या खाली, लाडू वर ठेवा. तिकडे भाजणीच पोचते, पुन्हा सोऱ्यातून काढता येते.

एवढं करूनही ताण हवा तसा चढला नाही, तर शेवटचा उपाय. बचतगटाच्या बायकांकडून गुपचूप दोन किलो चकल्या आणा, स्टीलच्या डब्यात भरा, ओट्यावर थोडं पीठ सांडून ठेवा आणि सोऱ्या ओला करून पालथा घाला. चकल्या उत्तम निघतील; तिथेच घात आहे. पाडव्याला सासूबाई एक तोडतील, काटे निरखतील आणि विचारतील, ‘‘मोहन किती घातलंस गं?’’

अंदाजानं, म्हणावं.