कप्पे सहा, पाणी एकच

एकत्र ठेवले की एकमेकांशी भांडणारे फायटर (बेट्टा) मासे पाळणाऱ्या सोलापुरातील अनेकांच्या मोबाइलवर गेले काही महिने एक संदेश फिरत आहे. त्याचा आशय असा: चार फुटी टाकीत काचेच्या पट्ट्या चिकटवून सहा कप्पे करा, खाली २० लिटरच्या बादलीत खडे व टॉवेलचा तुकडा घालून फिल्टर बनवा, मिळेल तेवढा मोठा पंप लावा आणि मासे त्याच दिवशी सोडा, कप्पे वेगळे असल्याने एकाचा आजार दुसऱ्याला लागत नाही आणि पाणी कधीच बदलावे लागत नाही. ज्या शहरात नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी येते, तेथे हे शेवटचे आश्वासन लोकांना मोहात पाडते, हे मी समजू शकतो. या रचनेत सहाही कप्प्यांचे पाणी खाली बादलीत उतरते आणि पंप ते पुन्हा कप्प्यांत चढवतो. तिला माझा विरोध नाही. अशी टाकी मी स्वतः वापरतो, आणि १५ लिटरच्या कप्प्यातील माशाला १०० लिटर पाण्याचे स्थैर्य मिळते, हा तिचा खरा लाभ आहे. मात्र संदेशातील दावे माशांच्या जिवावर बेतणारे आहेत.

आजाराविषयीचा दावा सर्वांत घातक आहे. काचेमुळे मासे एकमेकांपर्यंत पोहोचत नाहीत, पण पाणी पोहोचतेच. व्हाइट स्पॉट या अंगावर पांढरे ठिपके आणणाऱ्या आजाराचा परजीवी माशाच्या अंगावर वाढतो, मग गळून तळाशी जातो, तेथे एकाचे शेकडो होतात आणि ते पोहत नव्या माशाचा शोध घेतात. पंप चालू असताना हे पोहणारे जीव बादलीतून सहाही कप्प्यांत वाटले जातात. उष्ण पाण्यात हे चक्र लवकर पूर्ण होते, म्हणून आपल्याकडील उन्हाळ्यात हाती वेळ फार थोडा असतो. औषधाचेही तसेच आहे. एका कप्प्यात घातलेले औषध सगळ्या माशांना मिळते, शिवाय मिथिलीन ब्लूसारखे औषध फिल्टरमधील उपयुक्त जिवाणूंनाही इजा करते. त्यामुळे आजारी मासा आणि नवा आणलेला मासा यांच्यासाठी या व्यवस्थेशी न जोडलेली एक बरणी आणि स्वतंत्र जाळी असलीच पाहिजे; नवा मासा तिच्यात किमान तीन आठवडे ठेवावा.

पाणी बदलावे लागत नाही, हे विधान फिल्टरचे काम न समजल्यामुळे केले जाते. माशाच्या विष्ठेतून व उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. जिवाणू त्याचे नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानाने कमी विषारी असते, पण ते टाकीतच साठत जाते आणि खडे व स्पंज त्याला बाहेर काढू शकत नाहीत. त्यात आपल्या एप्रिल-मे महिन्यांची भर पडते. पारा ४० अंशांच्या वर गेला की टाकीतील पाणी झपाट्याने उडते, क्षार मात्र मागेच राहतात, आणि आपण वरून बोअरचे जड पाणी ओतून त्यात नवे क्षार मिसळतो. आठवड्याला २० ते २५ लिटर पाणी काढून तेवढेच नवे घालणे, एवढा खर्च टाळता येत नाही. काढलेले पाणी वाया जात नाही, कारण त्यातील नायट्रेट कुंड्यांतील झाडांना उपयोगीच पडते. नळाचे पाणी असेल तर त्यातील क्लोरीन हायपोच्या (सोडियम थायोसल्फेटच्या) खड्यांनी आधी घालवावे.

त्याच दिवशी मासे सोडण्याच्या सल्ल्यामागे, फायटर हवेतून श्वास घेतो म्हणून तो कशातही तगतो, असा समज आहे. तो पृष्ठभागावर येऊन हवा घेतो हे खरे, पण अमोनियाने त्याचे कल्ले जळतातच. पाणी जितके उष्ण आणि जितके अल्कधर्मी, तितका अमोनियाचा विषारी अंश वाढतो. बोअरचे पाणी वापरणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. जिवाणूंची पुरेशी वाढ होण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. निरोगी, जुन्या टाकीतील वापरता स्पंज मिळाला तर हा काळ बराच कमी होतो. टॉवेल मात्र बादलीत घालू नये. आपल्या गावचा टॉवेल कितीही उत्तम असला तरी तो सुताचा असतो आणि सूत पाण्यात कुजते.

मोठ्या पंपाबद्दल थोडक्यात सांगतो. लांब पंखांचा फायटर जोराच्या प्रवाहात थकतो, म्हणून टाकीत ताशी ४०० लिटरच्या आसपास पाणी पोहोचले तरी भागते. पंपावर छापलेला आकडा शून्य उंचीचा असतो, म्हणून बादलीपासून टाकीपर्यंतची उंची धरून पंप निवडावा आणि प्रत्येक कप्प्याला वेगळा कॉक द्यावा. कप्प्यांची काच अपारदर्शक असावी, कारण समोर सतत प्रतिस्पर्धी दिसत राहिला तर मासा दिवसभर फुलारून राहतो आणि खंगतो.

वीज गेल्यावर काय होते, याविषयी संदेशात अवाक्षरही नाही, आणि मी स्वतः येथेच चुकलो होतो. पंप थांबला की पाणी वर नेणाऱ्या नळीतूनच ते उलटे खाली येऊ लागते, आणि नळीची तोंडे पाण्यात बुडालेली असतील तर ती उघडी पडेपर्यंत ते थांबत नाही. चार फूट लांब व एक फूट रुंद टाकीत एक इंच पाणी म्हणजे सुमारे साडेनऊ लिटर. तोंडे दोन इंच बुडालेली असतील तर १९ लिटर पाणी आधीच निम्म्या भरलेल्या २० लिटरच्या बादलीत येणार. माझ्या खोलीची फरशी त्या रात्री याच हिशेबाने भिजली. म्हणून नळीला पाण्याच्या पातळीलगत बारीक छिद्र पाडावे, बादलीऐवजी ५० लिटरचा टब घ्यावा, आणि मासे सोडण्यापूर्वी पंपाचे बटण बंद करून टबातील पाणी कोठवर चढते ते पाहावे. पंप पुन्हा सुरू केल्यावर टबातील पाणी ज्या पातळीवर स्थिरावेल, तेथे खूण करून ठेवावी आणि त्या खुणेच्या वर टब कधीही भरू नये.