विसरणं म्हणजे लगेच डिमेन्शिया नाही

उदासीचा स्मरणशक्तीवरही परिणाम होतो असं म्हणतात ते अगदी खरंय, आमच्या घरीच झालं. बाबा गेल्यावर सहा-सात महिन्यांनी आई सगळं विसरायला लागली, गोळी घेतली का विचारलं की "काय माहीत" एवढंच, आणि पेपरातलं शब्दकोडं जे ती चहा संपायच्या आत सोडवायची ते पेनासकट कोरं पडलेलं असायचं. आम्ही धरूनच चाललो होतो की अल्झायमर, म्हणजे डिमेन्शियाचा (मेंदूच्या आजाराने स्मरणशक्ती आणि समज कमी होत जाण्याचा) एक प्रकार. डॉक्टरांनी आधी थायरॉइड आणि बी१२ जीवनसत्त्व तपासायला लावलं (त्यातल्या गडबडीनेही मूड आणि मेमरी दोन्ही बिघडतात, प्लीज हे आधी करा), मग तिच्याशी निवांत बोलले आणि म्हणाले हे डिप्रेशन आहे. म्हातारपणी ते कितीदा रडण्यातून दिसतच नाही, अंगदुखी, उडालेली झोप, विसरणं यातून दिसतं. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे जातात, मी तिसऱ्या आठवड्यात बंद करायला निघाले होते, डॉक्टरांना विचारलं म्हणून वाचलो.

आणि "वय झालं, चालायचंच" म्हणून सोडू नका, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या अहवालात डिमेन्शियाचा धोका वाढवणाऱ्या पण आटोक्यात आणता येणाऱ्या १४ गोष्टींत डिप्रेशन आहे, कमी ऐकू येणं आणि एकटेपणाही आहे. कुणाशी बोलायचं कळत नसेल तर सरकारची टेलिमानस १४४१६ ही हेल्पलाइन आहे, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.

परवा आईने ऑफिसात फोन केला, आडवा सातवा शब्द अडला होता.