दुःख होणं म्हणजे अविश्वास नव्हे

"विश्वास पक्का असेल तर माणसांचा नकार मनाला लागतच नाही," हे माणसांच्या नकाराबद्दलच्या तुमच्या लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. नासरेथला गावच्याच लोकांनी "तो सुतार तोच ना हा?" म्हणत येशूला झिडकारलं, तेव्हा त्यांच्या अविश्वासाचं त्याला आश्चर्य वाटलं, असं बायबलमध्ये मार्कच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात स्पष्ट आहे. यरुशलेम शहराकडे बघून तर तो रडला. आणि बायबलमधलंच स्तोत्र ५५ वाचा: शत्रूने निंदा केली असती तर सोसलं असतं, पण हा तर माझा जिवाभावाचा मित्र! एवढी कळ थेट प्रार्थनेतच मांडलीय.

माझा साखरपुडा मोडला तेव्हा चर्चच्या मंडळीतली माणसं घरी येऊन "देवाचीच योजना, रडू नकोस" सांगून जायची. ते ऐकून ऐकून माझी प्रार्थनाच बंद पडली. देवासमोरही हसरा चेहरा करूनच जायचं का? मला सावरलं ते चर्चमधल्या एका मावशींनी. उपदेश एक नाही. शेजारी बसून त्या स्तोत्र १३ वाचायच्या, "हे परमेश्वरा, कोठवर?", आणि मला रडू द्यायच्या. बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाली म्हणून घरच्यांनी दार बंद केलेली मुलंही हा लेख वाचत असतील. त्यांच्यासाठी तरी या विलापस्तोत्रांबद्दल, म्हणजे देवापुढे दुःख मांडणाऱ्या स्तोत्रांबद्दल, लिहायला हवं होतं.