सफरचंदाच्या बियांची पूड आणि कर्करोग : फिरत्या संदेशाला उत्तर

सफरचंदाच्या बियांत ‘जीवनसत्त्व बी १७’ असते, कर्करोग म्हणजे त्याच जीवनसत्त्वाची कमतरता, औषध कंपन्यांनी ही गोष्ट दडपली, आणि बियांची पूड रोज अनशापोटी चमचाभर मधातून घेऊन वर क जीवनसत्त्वाची गोळी घेतली की गाठ विरघळते, असा एक संदेश सध्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी गटांवर फिरतो आहे. खानापूरला माझ्या मावशीची स्तनाच्या कर्करोगावर केमोथेरपी चालू आहे. तिच्या भजनी मंडळाच्या गटावर हा संदेश आला, तिने बिया जमवून मिक्सरमध्ये वाटल्या, आणि आता केमोची पुढची तारीख टाळली तर चालेल का, असे ती मला विचारते आहे. म्हणून हे उत्तर.

बी १७ नावाचे जीवनसत्त्व अस्तित्वात नाही. बियांतला पदार्थ अमिग्डालिन आहे. १८३० साली फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी तो कडू बदामापासून वेगळा केला. त्याला जीवनसत्त्वाचे नाव अमेरिकेतल्या अर्न्स्ट क्रेब्स (धाकटे) यांनी दिले, आणि ‘लेट्राइल’ या नावाने त्याचेच एक रूप कर्करोगावरचा उपाय म्हणून खपवले गेले. जे न मिळाल्याने ठराविक आजार होतो, त्याला जीवनसत्त्व म्हणतात. अमिग्डालिन न मिळाल्याने कोणताही आजार होत नाही. कर्करोग कमतरतेने होतो, हे निपाणी-चिकोडीच्या तंबाखूपट्ट्यात बसून पुढे पाठवणाऱ्यांचा मला विशेष राग येतो. तोंडाच्या कर्करोगाचे कारण जिथे रोज गालात धरले जाते, तिथे लोकांचे लक्ष तंबाखूवरून काढून बियांकडे वळवणे हा गंभीर अपराध आहे.

‘दडपले’ हा आरोप तर सरळ खोटा आहे, कारण या पदार्थाची चाचणी उघडपणे झाली. मेयो क्लिनिकच्या पुढाकाराने अमेरिकेतल्या कर्करोग केंद्रांनी १७८ रुग्णांना अमिग्डालिन दिले, आणि तेही त्याचे समर्थक सांगतात तशा आहारासह व जीवनसत्त्वांसह. निष्कर्ष १९८२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आले : कोणी बरे झाले नाही, रोग थांबला नाही, त्रास कमी झाला नाही, आयुष्यही वाढले नाही. उलट काही रुग्णांच्या रक्तातले सायनाइड प्राणघातक पातळीच्या जवळ पोहोचले होते.

हे सायनाइड येते कुठून, ते नीट समजून घ्यावे, कारण संदेशातला सर्वांत घातक भाग ‘पूड करा’ हाच आहे. बीमध्ये अमिग्डालिन आणि त्याला फोडणारे विकर (एन्झाइम) वेगवेगळे असतात. बी अख्खी गिळली तर ती बहुधा तशीच बाहेर पडते. बी वाटली की दोन्ही एकत्र येतात आणि ओलावा मिळताच हायड्रोजन सायनाइड सुटते. मावशीने पूड मधात कालवली तेव्हा वाटीतून कडू बदामाचा वास आला. तो वास ज्या बेन्झाल्डिहाइडचा, ते सायनाइडच्या बरोबरीनेच तयार होते. सफरचंदाच्या एक ग्रॅम बियांत साधारण १ ते ४ मिलिग्रॅम अमिग्डालिन असते. चमचाभर, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम पुडीतून जास्तीत जास्त १.२ मिलिग्रॅमच्या आसपास सायनाइड सुटू शकते. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने एका वेळेसाठी शरीराच्या दर किलोमागे २० मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली आहे, म्हणजे ५० किलोच्या बाईसाठी १ मिलिग्रॅम. एका चमच्याने जीव जात नाही, हे मान्य. परंतु केमोने खंगलेल्या माणसाने दररोज मर्यादेच्या काठावर किंवा पलीकडे जाण्याचे कारण काय? आपल्याच खानापूरच्या जंगलपट्ट्यात बांबूचे कोंब पाणी बदलत भिजवून, उकडून, ते पाणी फेकून मगच खातात. त्यांतही सायनाइड सोडणारा पदार्थ असतो आणि ही सारी खटपट तो घालवण्यासाठी असते. बियांच्या बाबतीत मात्र तसाच पदार्थ मुद्दाम पोटात घ्यायला सांगितले जात आहे.

क जीवनसत्त्वाच्या गोळीची जोड त्याहून वाईट. सायनाइड निष्प्रभ करायला शरीराला सिस्टीन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल लागते, आणि क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने त्याचा साठा घटू शकतो.

वनस्पतींतून कर्करोगावरची औषधे मिळतात, एवढे या संदेशात खरे आहे. आपल्या अंगणातल्या सदाफुलीपासून मिळालेले व्हिन्क्रिस्टीन रक्ताच्या कर्करोगावर आजही देतात. मात्र ते वेगळे काढून, तपासून, मोजून शिरेतून देतात. पाने वाटून कोणी देत नाही. ‘एक बी गिळली तरी मृत्यू’ हा उलटा संदेशही फिरतो आणि तोही चूक आहे. मुलाने चुकून बी गिळली तर घाबरू नये.

ज्यांनी ही पूड घेतली असेल त्यांनी ती आजच बंद करावी आणि किती दिवस, किती घेतली हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांना न लाजता सांगावे. डोके दुखणे, चक्कर, उलटी किंवा धाप यांपैकी काही झाले तर ताबडतोब रुग्णालय गाठावे व पुडीची डबी सोबत न्यावी. केमोची तारीख डॉक्टरांशी बोलल्याशिवाय हलवू नये.