साठ रुपयाक एक!

मासे विकणाऱ्या बाईच्या शेजारी बसून, मांडीवर शोभेच्या माशांची पिशवी घेऊन कुडाळ ते मालवण प्रवास कुणी करू नये. त्यात ते मासे दोन सेंटीमीटरचे असतील तर चालत जावं, पण बस नको.

टँक माझी दीड फुटी, पाणी जेमतेम २५ लिटर, त्यामुळे मला लहानच राहणारा मासा हवा होता. दुकानदाराने काय दाखवावं तर टायगर शार्क, म्हणजे नावाचाच शार्क, खरा नव्हे. "छोटेच आहेत की!" आज आहेत हो बोटाएवढे, पण हा मासा वाढून मीटरच्या वर जातो, आणि हाच कापून हॉटेलात बासा म्हणून ताटात येतो. हे बोललो तर म्हणे वाढेल तेव्हा बघू. कोण बघणार? गिऱ्हाइकाच्या घरी तो काचेला नाक घासत मरणार, नाहीतर कोणीतरी रात्री नेऊन तळ्यात सोडणार. गोल्डफिशचं पण तेच, वीतभर होणारा मासा काचेच्या वाडग्यात घालून सर्रास विकतात आणि मेला की दुसरा घ्या. असो, डोकं फिरतं. तर मी भांडून मागवलेले लहानच राहणारे मासे, बारा चिली रासबोरा, एकदाचे आले होते आणि ती पिशवी घेऊन मी बसलो होतो.

मावशी बाजारातून परत चाललेली, पायाशी जवळजवळ रिकामी पाटी. जरा वेळ तिने नुसतं बघितलं.

"ह्या काय रे झिला?"

"मासे."

"खंय? माका पाणीच दिसता."

मी बोट दाखवलं तर तिने पिशवीच घेतली, खिडकीच्या उन्हात धरली आणि हलवली. हलवली! बोर्निओच्या दलदलीतला मासा विमानाने, ट्रकने एवढा लांब आलेला, आणि ही बाई त्याला कफ सिरपसारखी हलवून बघतेय.

"चार दिसतत. बाकीचे खंय?"

"बारा आसत, गे मावशी."

"फसवल्यान मेल्यान तुका." मग मागच्या सीटवरच्या कॉलेजच्या पोराला, "धर रे, तुझे डोळे बरे आसत, मोज बघू." पोराने नऊ मोजले. त्याच्या मित्राने अकरा. कोणीतरी म्हणालं डासांची पोरं असतील. पिशवी चार सीट मागे गेली आणि मी बसच्या मधे उभा राहून "हलवू नका हो, हलवू नका" ओरडतोय.

"मोठे कधी होतले?"

"होवचे नाय. ह्येच मोठे."

मावशी गप्प झाली. मग हळूच, आजारी माणसाची चौकशी करावी तशा आवाजात, "म्हणजे काय रोग आसा?"

कुठून कुठून सांगू? सुमात्रात पेडोसिप्रिस नावाचा मासा आहे, ७.९ मिलिमीटरची मादी पूर्ण वयात आलेली सापडली, २००६ साली जाहीर झालं. म्यानमारचा डॅनिओनेला सेरेब्रम १२ मिलिमीटरचा, पण त्याचा नर पोटातल्या हवेच्या पिशवीवर ढोल बडवल्यासारखा आवाज काढतो, अगदी जवळून मोजला तर १४० डेसिबलच्या वर. हे मावशीला सांगायचं मनात होतं, पण तेवढ्यात तिचाच आवाज लागला.

"कितक्याक घेतलंस?"

खोटं बोलायला हवं होतं.

"साठ रुपयाक एक."

"साठ रुपयाक एऽऽक?" ड्रायव्हरने आरशात बघितलं. "अरे आरोग्यावाले बावीत गप्पी फुकट सोडतत, तुका खबर नाय?"

गप्पी का नको हेही सांगायचं होतं, पिल्लं घालून घालून महिन्या-दोन महिन्यात टँकमधे गर्दी करतात, पण बसचा निकाल लागला होता. मावशीने पाटीच्या तळाची केळीची पानं बाजूला केली, उरलेले दोन बांगडे काढले आणि प्लास्टिकात गुंडाळून माझ्या हातात कोंबले.

"घे. घराक ने. आवशीक सांग, मासे गावले."

पैसेही घेतले नाहीत. एवढी कीव माझी दहावीच्या निकालालाही कोणी केली नव्हती.

बांगडे ताजे होते, ते सोडा. मुद्दा हा की घरीही तेच. रासबोराला काळपट, आंबटसर पाणी आवडतं म्हणून टँकमधे बदामाची वाळलेली पानं टाकतात, लोक ती ऑनलाइन पाकिटातून विकत घेतात, आणि आमच्या अंगणात आई तीच रोज झाडून जाळते. मी चार उचलून टाकली तर म्हणाली, कचरा आत कशाला? पाणी चहासारखं झालं, मासे पानांखाली जाऊन बसले, आणि आता येणारा जाणारा काचेत वाकून विचारतो, मासे कधी आणणार? आहेत म्हटलं की माझ्याकडेच बघतात. खाणं बोटांनी चुरून पीठ करून टाकतो, कारण त्यांच्या तोंडात दुसरं काही मावतच नाही, तर शेजारचे काका विचारतात पाण्याला हळद कशाला लावतोस.

काल चुलतभाऊ आला. त्याचं होमस्टे आहे, मे महिन्यात मासळीचे भाव ऐकून रडत असतो. टँक बघून म्हणाला, रिकामी बरी दिसत नाही, दोन टायगर शार्क आण. मी सगळं परत सांगितलं, मीटरभर वाढतो, हाच तो बासा वगैरे.

तो खुर्ची ओढून बसला. "म्हणजे सुरमई म्हणून मुंबईवाल्यांना खपेल?"