शर्ट उकळायचा नसतो!

सोसायटीच्या ग्रुपवर तो फॉरवर्ड परवा पुन्हा आला : ‘प्रिंटरच्या शाईचा डाग दोन मिनिटांत गायब! कपडा उकळत्या पाण्यात बुडवा, टूथपेस्ट घासा, नाहीच गेला तर ब्लीच. हातांनाही तेच.’ खाली सतरा अंगठे. अप्पा बळवंत चौकाजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे. या उपायांनी बरबाद झालेले शर्ट लोक मलाच आणून दाखवतात.

आधी उकळतं पाणी. अहो, लेझर प्रिंटरमध्ये शाई नसतेच. टोनर म्हणजे प्लॅस्टिकची बारीक, रंगीत भुकटी. मशीन ती तापलेल्या रोलरनं वितळवूनच कागदावर चिकटवतं. तुम्ही गरम पाणी ओतलंत की तेच काम तुमच्या शर्टावर होतं. भुकटी झटकायची, चोळायची नाही, मग गार पाणी. डाग जाईपर्यंत इस्त्रीवाल्याकडे तर मुळीच टाकू नका.

इंकजेटची, म्हणजे पातळ शाईचे थेंब फवारणाऱ्या प्रिंटरची गोष्ट निराळी. तिथली रंगीत शाई बहुधा पाण्यात विरघळणारी. ओली असतानाच गार पाणी आणि साबण लावला तर बरीचशी निघते. काळी मात्र अनेक प्रिंटरांत काजळीच्या कणांची असते. ती विरघळत नाही, धाग्यात अडकून बसते.

टूथपेस्ट? दातांसाठी ठीक आहे.

ब्लीचचा मात्र मला खरोखर राग येतो. काजळी म्हणजे कार्बन, ती ब्लीचला भीक घालत नाही. उडतो तो कापडाचा मूळ रंग. रेशमी ओढणी असेल तर धागाच खलास. आणि हातावर ब्लीच? कातडी भाजेल. त्यातच कुणी संडास धुवायचं ॲसिड मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो. दुकानात रिफिल भरताना माझे हात रोज काळे होतात. खोबरेल तेल चोळतो, मग साबण. उरलेलं दोन-तीन दिवसांत आपोआप जातं.

फॉरवर्डमध्ये नसलेली कामाची वस्तू म्हणजे केमिस्टकडचं स्पिरिट. डागाखाली जुना पंचा घ्या, स्पिरिटच्या बोळ्यानं टिपा, पंचा सरकवत राहा. आधी शिवणीच्या आतल्या कापडाला थोडं लावून त्याचा रंग उडतो का ते बघा, आणि गॅसपासून लांब बसा.

एवढं करूनही वाळलेली काळी शाई पांढऱ्या शर्टावरून पूर्ण जाईलच असं नाही. माझे असे तीन शर्ट आहेत. दुकानात तेच घालतो.