पर्ज व्हॉल्व्हची टिकटिक आणि नळीला बूच मारायला सांगणारा तो मेसेज

काल रात्री मावशीचा फोन. "अगं, गाडीतली ती टिकटिक कशाची ते कळलं बघ, एक मेसेज आलाय, उद्या सकाळी ती नळी काढून बूच मारून घेते." म्हटलं मावशी थांब, आधी तो मेसेज मला पाठव आणि तोवर बॉनेटला हात लावू नकोस. वाचला आणि डोकंच फिरलं, कारण हाच मेसेज याआधी दोघांनी मला पाठवलाय आणि त्यातल्या एकाने नळी खरंच बंद करून टाकली होती.

मेसेज थोडक्यात असा: इंजिनातून टिकटिक येत असेल तर टॅपेट (इंजिनातल्या झडपा उघडणारे भाग) गेलेत नाहीतर पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारी झडप) खराब झालाय, मग गाडी पेट्रोल असो की डिझेल. हा व्हॉल्व्ह फक्त प्रदूषण चाचणीत पास व्हायला लावलेला असतो, त्याची नळी काढून दोन्ही तोंडं बंद करा, आवाज जाईल आणि ॲव्हरेज वाढेल. ते जमत नसेल तर आत ऑइलचा स्प्रे मारा. टाकी कायम गळ्यापर्यंत भरा म्हणजे वाफच होणार नाही. पेट्रोल भरल्यावर गाडी लवकर स्टार्ट होत नसेल तर दोष याच व्हॉल्व्हचा.

डिझेलचं आधी उरकते. डिझेलची पेट्रोलसारखी वाफ होत नाही, म्हणून डिझेल गाडीत ही वाफेची सिस्टिमच नसते. ज्याने लिहिलंय त्याने डिझेल गाडीचं बॉनेट उघडून हा व्हॉल्व्ह कधी शोधलेलाच नाही.

आता ही टिकटिक नक्की कशाची. टाकीतल्या पेट्रोलची सतत वाफ होते, ती कोळशाच्या दाण्यांनी भरलेल्या डब्यात, म्हणजे कॅनिस्टरमध्ये, जाऊन अडकते. इंजिन गरम झालं की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पर्ज व्हॉल्व्ह उघडतो आणि इंजिनचं सक्शन ती वाफ ओढून घेऊन जाळतं. व्हॉल्व्ह नळासारखा एकदा उघडला की उघडाच, असं नसतं. तो भराभर उघडमीट करतो, बऱ्याच गाड्यांत सेकंदाला १०-१५ वेळा, आणि किती वाफ सोडायची ते ईसीयू त्यावरून ठरवतो. आतला लोखंडी प्लंजर दर वेळी आपटतो, तीच ती टिकटिक. मावशीच्या गाडीचं वर्कशॉप मॅन्युअल माझ्याकडे आहे, त्यात सरळ लिहिलंय की इंजिन गरम असताना या व्हॉल्व्हचा क्लिक आवाज येणं नॉर्मल आहे. म्हणजे आवाज येतो म्हणून व्हॉल्व्ह गेला हे साफ चूक. उलट उघडा अडकून बसलेला व्हॉल्व्ह बरेचदा काहीच आवाज करत नाही.

टॅपेटची भीती घालणं तर मला अजिबात पटत नाही, कारण या एका वाक्यामुळे लोक इंजिन उघडायला तयार होतात. दोन्ही आवाज घरच्या घरी वेगळे ओळखता येतात. टॅपेटचा आवाज इंजिनच्या फेऱ्यांशी बांधलेला असतो. ८०० आरपीएमला एक टॅपेट मिनिटाला ४०० वेळा वाजेल, रेस २४०० वर नेली की १२०० वेळा, म्हणजे रेसबरोबर टिकटिक चढणारच. इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरचंही तेच. पर्ज व्हॉल्व्ह आपल्या तालात वाजतो, थंड इंजिनवर बहुतेक वेळा गप्प असतो, गाडी गरम झाल्यावर सुरू होतो आणि मध्येच आपोआप थांबतोही.

आता ते नळीला बूच मारणं, ज्याच्यासाठी एवढं लिहायला बसले. नळी बंद केली म्हणून टाकीत वाफ व्हायची थांबत नाही. ती कॅनिस्टरमध्ये जात राहते, पण तिथून ती ओढून न्यायला कुणी नाही, त्यामुळे कोळसा भरून जातो आणि मग पुढची सगळी वाफ कॅनिस्टरच्या हवेच्या तोंडातून बाहेर येते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली साठून राहते, आणि गाडी बंद जागेत उभी असेल तर एक ठिणगी पुरते. शिवाय तिच्यात बेंझीन असतं, ज्याने कॅन्सर होतो हे सिद्ध झालेलं आहे. माझ्या ओळखीतल्या ज्याने हे केलं त्याच्या गाडीत मागच्या सीटवर बसलं की पेट्रोलचा वास यायचा आणि त्या सीटवर त्याची लहान मुलगी बसायची. आवाज गेला म्हणून तो खूश होता! आणि खरं तर आवाज दर वेळी जाईलच असंही नाही, व्हॉल्व्हचा कनेक्टर, म्हणजे वायरचा प्लग, लागलेला असेल तर ईसीयू व्हॉल्व्हला सिग्नल देतच राहतो आणि तो वाजतच राहतो.

ॲव्हरेज वाढतं म्हणे. कसं वाढेल? ती वाफ म्हणजे तुम्ही पैसे देऊन भरलेलं पेट्रोलच आहे. ती इंजिनात जाते तेव्हा ऑक्सिजन सेन्सर बघून ईसीयू इंजेक्टरमधून तेवढं कमी सोडतो. नळी बंद केली की तेच पेट्रोल हवेत जातं. आणि चाचणीसाठी म्हणाल तर सायलेन्सरला नळी लावून करतात त्या चाचणीत टाकीतली वाफ मोजलीच जात नाही. कॅलिफोर्नियात १९७० च्या आणि सगळ्या अमेरिकेत १९७१ च्या मॉडेलपासून ही सिस्टिम सक्तीची झाली ती टाकीतून उडणाऱ्या या वाफेसाठीच.

ऑइलचा स्प्रे नको. आत वंगण लागत नाही, चिकटपणावर धूळ बसते आणि चांगला व्हॉल्व्ह अडकतो. टाकी गळ्यापर्यंत भरणं तर त्याहून वाईट, पातळ पेट्रोल कॅनिस्टरमध्ये शिरतं आणि कोळसा खराब होतो, कधी दाणे फुटून व्हॉल्व्हपर्यंत येतात. नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की तिथेच थांबायचं.

एक गोष्ट मान्य करावी लागेल, पेट्रोल भरल्यावर गाडी स्टार्ट व्हायला त्रास देते तो मुद्दा बरोबर आहे. व्हॉल्व्ह उघडा अडकला की भरताना तयार झालेली वाफ थेट इंजिनात जाते, मिश्रण रिच होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त होतं. पण ते आवाजावरून कळत नाही. कळतं कसं, तर कनेक्टर काढायचा, गरम इंजिन आयडलला ठेवायचं, कॅनिस्टरकडची नळी व्हॉल्व्हपासून सोडवून व्हॉल्व्हच्या त्या तोंडावर बोट लावायचं (फॅन आणि बेल्टपासून हात लांब, आणि तोंडाने फुंकून बघू नका). करंट नसताना व्हॉल्व्ह बंद असायला हवा, म्हणजे बोटाला ओढ लागता कामा नये. लागली तर बदला. कनेक्टर काढल्यावर टिकटिक थांबली म्हणजे आवाज त्याचाच हेही कळतं, फक्त चेक इंजिन लाइट लागू शकतो, स्कॅनरवर दिसणारा दोषाचा कोड पी०४४३ किंवा आसपासचा. कनेक्टर तसाच काढून गाडी चालवायची नाही.

ओढ नाही, कोड नाही, पण आवाज पूर्वीपेक्षा मोठा झालाय, तर व्हॉल्व्ह ज्यावर बसवलेला असतो ते रबर आधी बघा. ते कडक झालं किंवा ब्रॅकेटमधून निसटलं की आवाज थेट बॉडीत जातो आणि केबिनमध्ये घुमतो. आज सकाळी व्हिडिओ कॉलवर मावशीकडून बघून घेतलं, रबर निसटलेलं होतं आणि नळी पत्र्याला टेकली होती. रबर नीट बसवलं, आता बॉनेट उघडल्यावरच ऐकू येतं.

ज्यांनी नळी आधीच बंद केली आहे त्यांनी ती परत जोडून घ्या, चीर गेली असेल तर नवी टाका, कॅनिस्टर पेट्रोलने भिजलाय का ते मेकॅनिककडून बघून घ्या, मग कोड पुसून काही दिवस चालवा आणि परत स्कॅन करा. पी०४९६ आला तर व्हॉल्व्ह नको तेव्हा वाफ सोडतोय, पी०४४१ आला तर वाफेचा प्रवाह हवा तसा नाहीये, तेव्हा व्हॉल्व्हबरोबर नळ्याही तपासा.